सत्यभामेच्या विहिरीचं पाणी

सत्यभामा सव्वीस वर्षं अकोल्यात माझ्या दारी भाजी आणते. या सव्वीस वर्षांत तिने मला टोपलीला हात लावू दिलेला नाही. वांगी तीच निवडून देते. एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "जो बोटं लावून पायते, तो घेत नाही."

तिचं गाव मूर्तिजापूरच्या पलीकडे, पूर्णेच्या काठी. तो सगळा खारपाण पट्टा. जमिनीखालचं पाणी इतकं खारं की डाळ शिजत नाही. पण सत्यभामेच्या पाऊण एकरातली विहीर गोड आहे. त्या पाण्यावर तिची वांगी, मेथी, झेंडू निघतात. नवरा गेल्यापासून पोटाला तेवढाच आधार. विहिरीवर तिने पत्र्याचं झाकण बसवलं आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली कमरेला. उन्हाळ्यात ती गावाला घरटी दोन घागरी पाणी देते, पण स्वतः उभी राहून.

१८ फेब्रुवारी २०२५ला आकांक्षा नावाची मुलगी टॅब आणि बाटल्या घेऊन तिच्या शेतात आली. पुढे झालेलं बोलणं मला नंतर दोघींनीही सांगितलं, आणि ते जुळलं.

"कोनं पाठवलं तुले?"

"जिल्ह्याच्या विकासाचा नकाशा करतोय, आजी. उपग्रहाच्या फोटोंवरून."

"वरतून सारं दिसते, तं खाली काहून आली?"

"वरून विहीर दिसते. पाण्याची चव दिसत नाही."

सत्यभामेला वाटलं, गोड निघालं की सरकार विहीर घेणार. तिने मुलीला निंबाखाली बसवलं, चहा दिला, आणि बाटली भरून आणते म्हणून देवळाजवळच्या हातपंपावर गेली. तिथलं पाणी खारं. आकांक्षाने ते तपासलं आणि विहिरीजवळ उभी राहूनच, विहिरीचं पाणी म्हणून टॅबवर नोंद केली.

ऑक्टोबरात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. सत्यभामा त्याचा फोटो घेऊन माझ्याकडे आली. तिच्या शेतावर निळा चौकोन होता. गावतळ्यासाठी ती जागा सुचवली होती. हरकत घ्यायला तीस दिवस.

"हे गोवर्धनचं काम हाय," ती म्हणाली. गोवर्धन तिचा बांधाला बांध असलेला चुलत दीर. "त्याच्या बांधापाशीच चौकोन कसा थांबला?"

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं, नकाशा हाती आला की आधी कोपऱ्यातली रंगांची सूची वाचायची. मी भिंग घेतलं. चौकोनाच्या मधोमध लाल ठिपका होता. सूचीत लाल म्हणजे खारं पाणी, शेतीला निरुपयोगी; म्हणून तळ्याला हीच जागा.

"सत्यभामा, तुझी विहीर तर गोड आहे."

"मशीन खोटं बोलते."

"पाणी कोणी भरून दिलं?"

तिने टोपलीतली मेथी सारखी केली. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "मीच."

"कुठून?"

"तुमी कोनाले सांगान तं नाही ना?"

मी म्हटलं, मी नाही सांगणार. पण तुला सांगावं लागेल, नाहीतर शेत जाईल.

१३ नोव्हेंबरला पंचायतीत सुनावणी झाली. तिने मला सोबत नेलं. सगळ्या गावासमोर ती उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, पानी मी बदललं. पोरीची चूक नाही."

मागून गोवर्धन म्हणाला, "वयनी, पंधरा दिस मले शिव्या देऊन राहिल्या, अन् पानी तुमीच बदललं."

लोक हसले. ती वळली. "तू चूप बस. तुह्यावरचा संशय अजून गेला नाही."

साहेबांनी आकांक्षाला पुन्हा पाणी तपासायला सांगितलं. या वेळी बादली तिने स्वतःच्या हाताने सोडली. बाटली भरेपर्यंत सत्यभामेने तिच्या बोटांवरून नजर काढली नाही. शेवटी म्हणाली, "आदी तू पी. मंग लिही."

मुलगी ओंजळभर पाणी प्यायली आणि तिने दुसरी ओंजळ मागितली.

जानेवारीत सुधारलेला नकाशा आला. तळं ई-क्लासच्या पडीक सरकारी जमिनीवर गेलं होतं. सत्यभामेचं शेत सुटलं. मी तिला माझ्या फोनवर दाखवलं. विहिरीवर हिरवा ठिपका होता, आणि त्याला बोट लावलं की 'गोड पाणी' असं उमटे.

तिने विचारलं, "हे बाकीच्यायलेबी दिसते?"

"ज्याच्याजवळ फोन आहे त्याला."

"अन् पुसता येते?"

"आता नाही."

"पाहा," ती म्हणाली. "मी पयलेच म्हनत होती, गोड पानी कोनाले दाखवू नये."

पुढच्या मंगळवारी ती नेहमीसारखी वांगी घेऊन आली. शेजारच्या गावचे दोघे फोन पाहत पाहत विहिरीपर्यंत पोचले होते. कोणाचे कोण ते नीट विचारून तिने त्यांना दोन घागरी दिल्या होत्या. टोपली उतरवायला ती वाकली, तेव्हा कमरेला एका किल्लीच्या जागी दोन वेगवेगळ्या किल्ल्या दिसल्या.