नव्या मशीनमध्ये आबांचा आवाज

हे लिहू की नको यात बरेच दिवस घालवले. कारण एकच — या फोरमवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून सगळ्यात जास्त खिल्ली उडवणारी मीच. वडाखालची बाई, मागून येणारा पैंजणांचा आवाज... असलं काही वाचलं की खाली माझी कमेंट ठरलेली, "झोप पूर्ण घ्या आणि पाणी प्या." आता माझ्यावरच वेळ आली आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, मी वाद घालणार नाही.

मी संभाजीनगरमध्ये सीटी स्कॅन टेक्निशियन आहे, जालना रोडकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये. नाव देत नाही, उगाच लोक चौकशा करत जातील. आमची खोली कॅज्युअल्टीला लागूनच आहे. वाळूजचे कंपनीतले अपघात, हायवेवरचे बाइकवाले, छातीत कळ आलेले, तोंड वाकडं झालेले — सगळे आधी आमच्या टेबलावर येतात आणि मग पुढं जातात. माणसाच्या आत काय असतं ते रोज बघणारी बाई मी. आत हाडं असतात, रक्त असतं, हवा असते. भूत मी आजपर्यंत कुणाच्या आत पाहिलेलं नाही.

माझे वडील — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — याच हॉस्पिटलात आधी एक्स-रेला आणि मग सीटीला टेक्निशियन होते. वेरूळकडच्या खेड्यातलं आमचं शेतकरी घर. नोकरी धरणारे घरातले ते पहिलेच. बोलणं मात्र शेवटपर्यंत गावचं राहिलं. जुनं सीटी मशीन आलं तेव्हा त्यात कंपनीनं भरून दिलेला मराठी आवाज होता. कुणी एक बाई बातम्या दिल्यासारखं बोलायची, "कृपया श्वास रोखून धरा." खेड्यातनं आलेला माणूस त्या गोल भोकात आडवा पडलेला, आधीच घाबरलेला... त्याला कळायचंच नाही की हे आपल्याला सांगताहेत. तो आतून विचारायचा, "आँ? काय म्हनल्या बाई?" झालं! पोट हललं, फोटो बिघडला.

म्हणून आबांनी त्यात स्वतःचा आवाज भरला. मशीनमध्ये तशी सोय असते. "दम घ्या... धरा... हलू नका, माय... हां, सोडा आता." भरताना टेबलावर कुणी म्हातारी होती म्हणे. तिच्या घाबरलेल्या तोंडाकडं बघून 'माय' निघून गेलं ते तसंच राहिलं. पुढं कित्येक वर्षं बाप्ये, पोलीस, पैलवान, सगळ्यांना ते मशीन 'माय'च म्हणायचं. एक फौजदार बाहेर येऊन मिशीत हसत म्हणाला होता, "मला आजवर कुणी माय म्हणलं नव्हतं बुवा." पण त्या आवाजाचं लोक ऐकायचे. घरातलं मोठं माणूस उशाशी बसून सांगतंय असं वाटायचं त्यांना.

आबा रिटायर झाले. मी त्याच खोलीत नोकरीला लागले. मग आबा गेलेही... हार्ट अटॅक, घरीच, कुणाला काही कळायच्या आत. आणि मी रोज कामावर जाऊन बटण दाबायचे की आबा बोलायचे. सुरुवातीला स्कॅन संपला तरी मी कान देऊन बसायचे. मग सवय झाली. सवय इतकी झाली की पुढं पुढं ते ऐकूच येईनासं झालं, याचं आता लई वाईट वाटतं.

त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही. जगाचे आतून फोटो काढणारा माणूस, पण कुणी मोबाइल समोर धरला की उठून जायचा. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत आचाऱ्यावर ओरडताना दिसतात, पण वरून नेमका बँड वाजतोय.

मग नवं मशीन आलं. काय सांगू त्याचं कौतुक! जुन्याला नुसत्या छातीला जो वेळ लागायचा तेवढ्यात हे अख्खा माणूस बघून मोकळं. मेंदूत रक्तस्राव असेल तर डॉक्टरनं फोटो उघडायच्या आधी कॉम्प्युटरच लाल खूण करून ठेवतो. कॅज्युअल्टीत तर आता खिशात मावणारी सोनोग्राफी आली आहे, मोबाइलला जोडून चालते. पूर्वी "थांबा, बघू" म्हणता म्हणता जे पेशंट हातचे जायचे, त्यातले कितीतरी आता पायांनी चालत घरी जातात. मी स्वतः पेढे वाटले, मशीनला हार घातला, नारळ फोडला. जुनं मशीन सुटं करून ट्रकमध्ये चढवत होते तेव्हा मी नव्याच्या ट्रेनिंगला बसले होते.

दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट घेतला, बटण दाबलं... आणि एक परकी बाई बोलली. "कृपया श्वास रोखून धरा."

पेशंटला टेबलावरून उतरवलं आणि लगेच कंपनीच्या इंजिनीअरला फोन लावला. तो बिचारा भला माणूस, पण म्हणाला, "मॅडम, जुन्या मशीनची डिस्क तर तिथंच पुसली. पेशंटचा डेटा असतो, नियमच आहे. आवाजाची फाइल वेगळी काढा असं कुणी म्हटलं नव्हतं." कोण म्हणणार? कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती कुरडयांचा चीक ढवळत होती. हात थांबला तिचा. म्हणाली, "मला येकदा तरी ऐकायचा व्हता गं." आणि मला तेव्हा उमगलं की तिनं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता! सीटीच्या खोलीत तिचं काय काम? एवढी वर्षं खिशात मोबाइल घेऊन वावरले, पण आईसाठी ते एक वाक्य भरून न्यावं असं मला सुचलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. एप्रिलची दुपार, ऊन रणरणत होतं. आई हर्सूलला माझ्या भावाकडं राहते. गच्चीवर वाळवण उलटायला गेली आणि पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, काहीतरी टरकन फाटल्यासारखं दुखलं म्हणून तिथंच खाली बसली. दादा कामावर गेलेला. वहिनीनं शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिला थेट आमच्या कॅज्युअल्टीत आणलं.

ईसीजी ठीक, एक्स-रेही ठीकठाक. जुने दिवस असते तर ॲसिडिटी म्हणून इंजेक्शन देऊन घरी धाडलं असतं. पण आमच्या डॉक्टरनं ती खिशातली सोनोग्राफी पोटावर फिरवली, एका जागी थांबला, पुन्हा बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "ताई, हृदयातून निघून पोटात उतरणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलेलं दिसतंय. सुरुवात कुठून झाली ते कळलं पाहिजे. हृदयाजवळ असेल तर छाती उघडावी लागेल, पुढं असेल तर मांडीतून स्टेंट घालता येईल. आत्ताच्या आत्ता सीटी." छाती उघडायची म्हणजे काय, आणि शुगर असलेल्या, वय झालेल्या बाईची, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

टेबलावर घेतलं. आमची पद्धत अशी — अंगावरचं सगळं काढायचं आणि रुमालात बांधून घरच्या माणसाच्या हाती द्यायचं, म्हणजे नंतर दागिन्यांवरून कटकट नको. पोत, जोडवी, बांगड्या, चष्मा, कानातलं ऐकायचं मशीन... सगळं बांधलं, वहिनीच्या हातात दिलं, तिला बाहेर पाठवलं. रोजचं काम, हात आपोआप चालतात. कानात मशीन नसलं तर आईला शेजारी ताशा वाजला तरी कळत नाही, हे तिच्या पोटच्या पोरीला आठवलं नाही!

पहिला स्कॅन वाया गेला. बाई बोलली असेल, पण आईला काय ऐकू जाणार? ती कण्हत होती, धापा टाकत होती. मशीन कितीही वेगवान असो, नेमकी हृदयाजवळची जागा पुसट आली. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "फाटलंय ते नक्की. पण कुठून, ते यावरून मी सांगू शकत नाही." शिरेतून जे औषध सोडतो, डाय म्हणतो आम्ही, ते किडनीला जड जातं आणि आईची किडनी आधीच नाजूक. "अजून एकदाच देऊ," मॅडम म्हणाल्या. "आता हलली तर सर्जनला अंदाजानं छाती उघडावी लागेल."

वहिनी रुमालासकट खाली ॲडमिशनचे पेपर करायला गेली होती. फोन उचलेना. तिची वाट बघण्याइतका वेळ नव्हता. मी आईच्या कानाशी ओरडले, "आई, दम धर!" हातानं खुणा केल्या, पण तिनं डोळेच घट्ट मिटलेले. नुसतं "माय गं... माय गं..." चालू. मशीन चालवणारी मी एकटी, मला बाहेर यावंच लागलं.

बाहेर काचेशी आमच्या कॉम्प्युटरच्या टेबलावर एक स्पीकर असतो. आतल्या माइकमधून पेशंटचा आवाज त्यावर येतो. त्यावर आईचं कण्हणं येत होतं. मला सहन होईना... मी तो आवाज पार बंद केला. मग बटण दाबलं.

काचेतून बघत होते. आईची छाती वरखाली, वरखाली होत होती. आणि मग तिनं तोंड मिटलं. एक लांब श्वास घेतला आणि धरला. अंगाची एक रेष हलली नाही. टेबल सरकत गेलं, थांबलं, आणि नेमकं त्यानंतर तिनं श्वास सोडला. मॅडम पुटपुटल्या, "अगं, हिला सांगितलंस तरी कसं?"

फोटो असा स्वच्छ आला की काय सांगू. हृदयाजवळ काही नव्हतं, डाव्या हाताकडं जाणाऱ्या फाट्याच्या पुढं फाटलेलं होतं. छाती उघडायची नव्हती! मी धावत आत गेले. आईच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळलं होतं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं ती म्हणाली, "तुझे आबा हायत इथं."

स्टेंट बसला. आयसीयूत कानात मशीन घातल्यावर मी तिला विचारलं, नक्की काय ऐकलंस? ती म्हणाली, "'दम धर,' म्हनले. 'हलू नको गं.' मग म्हनले, 'हां, सोड आता.' कानापाशी बोलल्यावानी."

"माय म्हणाले का?"

"मला कशाला माय म्हनतील? येडीच हायेस!" आणि त्या अवस्थेतही लाजली हो ती.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. इंजिनीअरला बोलावून नव्या मशीनमधले सगळे आवाज तपासले. कंपनीचेच होते, बाकी काही नाही. मॅडम म्हणाल्या, डाय अंगात गेल्यावर एकदम गरम वाटतं, दचकून दम रोखला गेला असेल. मशीनवर श्वासासाठी दिवा लागतो, तो दिसला असेल. पण डोळे मिटलेले होते ते मी स्वतः पाहिलं. आणि दचकलेला माणूस इतकं वेळेवर सोडतो का? 

बरी झाल्यापासून आईनं एकच लावून धरलं. "मला पुन्ना येकदा घाल की त्या मशीनमधी." मी चिडायचे, "आई, ते काय जत्रेतला पाळणा आहे का? रेडिएशन असतं!" ती ऐकून घ्यायची आणि चार दिवसांनी परत तेच.

काही महिन्यांनी स्टेंट तपासायला डॉक्टरांनीच सीटी लिहून दिला. आई नवं लुगडं नेसून आली, केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले. सिनेमाला निघाल्यासारखी! टेबलावर झोपली आणि कानातलं मशीन स्वतःच्या हातानं काढून माझ्या हातात दिलं. मी तिला दिवा दाखवला, कधी दम धरायचा ते खुणांनी पक्कं करून घेतलं. बाहेर आले, स्पीकरचा आवाज होता तेवढा सगळा वाढवला, कान त्याला लावला आणि बटण दाबलं.

"कृपया श्वास रोखून धरा." मग टेबलाची घरघर, एसी, आईचा श्वास. दुसरं काही नाही. मी तरी तशीच वाकून उभी राहिले. मॅडम बाहेर निघून गेल्या.

आत जाऊन आईच्या कानात मशीन बसवलं. तिचा चेहरा पार उतरला होता. "मला नाय आलं काई ऐकू," ती म्हणाली. मग माझा हात धरून आशेनं विचारलं, "तुला आलं का गं?"

मी म्हणाले, "हो."

"काय म्हनले?"

"'हलू नका, माय,' म्हणाले."

आईनं माझ्या गालावरनं हात फिरवला. "मंग बरं झालं. मागल्या बारीला माझ्याशी बोलले, या बारीला तुझी पाळी व्हती."

त्यानंतर तिनं मशीनचं नाव काढलेलं नाही. मजेत आहे, वाळवणं करते, वहिनीवर डाफरते. मी खोटं बोलले हे तिला कधीच सांगणार नाही, आणि ती हा फोरम वाचत नाही म्हणून इथं लिहिते आहे.

तिला काय ऐकू आलं, कसं आलं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, मी मनापासून वाचीन. मी एवढंच जाणते की आबा खरंच बोलले असतील तर त्या दुपारी बोलले. मी काचेच्या अलीकडं उभी होते, आणि आवाज मीच बंद केला होता.