चिंधी बांधलेली कणसं

राखेत मुरलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा कोरडा, कडसर वास कुठेही आला की मला माझी आत्या आठवते, आणि वाटते, एवढी हट्टी बाई या पृथ्वीवर दुसरी झाली नसेल. विंचूरच्या पुढे, कालव्याचे पाणी पोहोचायच्या आधीच संपते अशा ठिकाणी, तिचे दोन एकर कोरडवाहू रान. भाद्रपदात बाजरीची कणसे भरली की आत्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या ओच्यात घेऊन शेतात उतरायची आणि पसंत पडलेल्या कणसांना एकेक चिंधी बांधायची. ती बियाण्याची कणसे. पसंतीचे कारण मात्र कुणाला उमगले नाही. मी एकदा चांगले हातभर लांब कणीस दाखवले, तर म्हणाली, "ते नको. लय मिजास हाय त्याला." लाल, हिरव्या, जांभळ्या चिंध्यांनी रान असे नटायचे, की वाटेने जाणाऱ्याला इथे कुणाचे लग्न आहे असे वाटावे.

ते दाणे राख आणि पाला घालून मडक्यात जायचे, मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपले जायचे, आणि पेरणीपर्यंत त्याला हात लावणे आत्याच्या लेखी मूल पळवण्यासारखे होते. एकदा अवचित पाहुणे आले, घरात पीठ नव्हते, म्हणून तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मामांनी, ते लिंपण नखाने नुसते टोकरले. आत्या चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. सांगायचे ते म्हशीला सांगायची. "चंद्रे, पाणी तापलंय म्हणावं. आंघोळ करायची असंल तर करा." मामाही म्हशीकडे पाहून म्हणायचे, "साबण कुठं ठेवलाय, इचार तिला." म्हैस रवंथ थांबवून आळीपाळीने दोघांकडे बघायची.

गेल्या पावसाळ्यात पहिली पेरणी मातीतच वाळली. आत्या तीन पेरण्यांचे बी राखून असायची, म्हणून दुसऱ्यांदा पेरता आले. पीक गुडघ्याएवढे झाले, कणसेही आली; आत फक्त फोलपट. आत्या चिंध्या घेऊन शेतात गेली आणि सगळ्या चिंध्या तशाच घेऊन परत आली. वैरण संपली, तेव्हा चंद्री बाजारात गेली. मडक्यात आता एकाच पेरणीचे बी उरले होते.

त्या उन्हाळ्यात आत्या एकाएकी देवभोळी झाली. "माझ्या पोटाशी देवाला काय करायचंय?" असे जन्मभर विचारणारी ही बाई सोमवार धरू लागली, मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी. तेही निरंकार. मी नाशिकहून गेले की तिची थट्टा करायची. "आत्या, तुझ्या देवांना आठवडा पुरेना गं."

"येत्यात न सांगता," ती म्हणायची. "दारातल्याला नाय कसं म्हणायचं?"

हा किस्सा मी नाशिकला परतून रंगवून रंगवून सांगितला, लोक हसले, मीही हसले. रेशनचे धान्य महिनाअखेर गाठत नाही, आणि तव्यावर जे काही पडते ते पोटुशी असलेल्या सुनेच्या ताटात जाते, हे मला वैशाखात कळले. सुनेचे रक्त कमी आहे, तिला पोटभर खाऊ घाला, असे नर्सबाई बजावून गेल्या होत्या. त्या दिवशी मामा ओट्यावरून म्हणाले, "दळून टाक ते बी. पेरायला माणसं तरी राहू दे."

"आन् पुढल्या साली काय ढेकळं चावायची?" आत्या त्यांच्याकडे न बघता म्हणाली. या वेळी मध्ये म्हैस नव्हती. मी नेलेले पीठ तिने मुकाट्याने डब्यात ओतले. ते किती दिवस पुरेल, हे मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

ज्येष्ठ सरताना पुन्हा गेले. पश्चिमेकडून काळे, भरदार ढग चढत होते. एक सर आदल्याच दिवशी होऊन गेली होती, शेजारच्या रानात तिफण चालली होती आणि बैलांना घातलेल्या हाका वाऱ्यावर घरापर्यंत येत होत्या. मामा ओट्यावर पाठमोरे बसले होते. आत सून खाली मान घालून जेवत होती. आत्या तिच्यासमोर पदराने वारा घालत बसली होती, तिच्या घासाघासाबरोबर स्वतःचे ओठ नकळत हलवत.

मी हलकेच विचारले, "आत्या, बी कधी काढायचं?"

तिचा पदर क्षणभर थांबला.

"दळलं."