सगळ्यांना गेलेलं आमंत्रण

साताऱ्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते तेव्हा बातमी कोणासाठी लिहायची, असा प्रश्न कधी आला नाही. ती सगळ्यांसाठी असायची. मिरजेतल्या संस्थेत आल्यावर उलटं शिकावं लागलं.

संस्था दवाखान्यात दाखल रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा चालवते. झोपायला कॉट आणि दोन वेळचं जेवण. देणगीदार आणि निवाऱ्यात राहून गेलेले लोक यांच्याशी संपर्क ठेवणं हे माझं काम. त्यात व्हिडिओ आले, पोस्ट आल्या आणि दर महिन्याचा व्हॉट्सअॅप संदेशही आला. संदेश शेकड्यांनी जाणार असला तरी एकाच माणसाला लिहिल्यासारखा वाटायला हवा, असा नियम होता. ब्रॉडकास्टने पाठवलेला संदेश प्रत्येकाच्या फोनवर वेगळा उमटतो. तो आणखी कोणाला गेला, हे घेणाऱ्याला दिसत नाही. ‘नमस्कार. कसे आहात? आज तुमची आठवण झाली,’ अशी मी सुरुवात करत असे. मदतीची विनंती अगदी शेवटी.

उत्तरादाखल जोडलेले हात येत, अंगठे येत. आवाज रेकॉर्ड करून, बोलून उत्तर देणारे एकच गृहस्थ होते. लोणंदजवळच्या गावचे, सैन्यातून निवृत्त. पत्नीच्या आजारपणात ते निवाऱ्यात राहिले होते. ती गेली आणि घरात ते एकटे उरले. आज आपली आठवण झाली असं म्हणणारं कोणीतरी मिरजेत आहे, अशी त्यांची खात्री होती.

त्यांचा आवाज मी घरी आल्यावर, कुकर लावून ऐकत असे. भाड्याची एक खोली, दुसरं बोलणारं कोणी नाही. म्हैस व्याली, नळाला पाणी कमी येतं, गुडघा आता बरा आहे. शेवटी ‘बरं, ठेवतो’ म्हणत. त्यानंतर थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येई. त्यांना बटणावरून अंगठा उचलायला उशीर होई.

एका महिन्यात मी संदेशात एक ओळ घातली. ‘मिरजेला आलात तर चहाला नक्की या.’ अशा ओळीने जवळीक वाटते, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.

ते आले. इस्त्रीचा पांढरा सदरा आणि हातात घेवड्याची पिशवी.

“मेसेज लिवणारं सायेब कुठं हायती?”

देणग्यांचं काम बघणाऱ्या सहकारी बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“आवं, ही तर पोरगी! मला वाटलं कोन बाप्या आसंल.” पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. “चहाला बोलवलंस, म्हून आलो बग.”

“दवाखान्यात काही काम होतं का, आबा?” बाईंनी विचारलं.

“दवाखान्यात आता काय काम? चहाला आलो.”

बाई हसल्या. “अहो आबा, तो मेसेज सगळ्यांना जातो. एकदम शेकडो लोकांना.”

“सगळ्यास्नी?”

“हो.”

“ह्योच? आटवन झाली म्हून?”

बाईंनी मान हलवली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणू शकले नाही. पिशवीचा बंद त्यांनी पुन्हा हातात घेतला. ते निघतील असं वाटलं. मग त्यांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.

“मग बाकीची कुठं हायती?”

“कोण?”

“सगळ्यास्नी बोलवलंय न्हवं चहाला? का म्या एकटाच खुळा?”

बाई चहा सांगायला आत गेल्या. आबांनी खुर्ची माझ्याकडे ओढली.

“म्या बोलतो ते कोन ऐकतं?”

“मी.”

“समदं?”

“शेवटच्या पंख्यापर्यंत.”

त्यांना ते समजलं की नाही, कळलं नाही. चहा त्यांनी बशीत ओतून घेतला. पावसाबद्दल बोलले, घेवडा रात्री भिजत घालायला सांगितला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

पुढच्या महिन्याच्या संदेशातून चहाची ओळ काढायचं ठरलं. बाकी मजकूर तसाच ठेवला. त्यांच्या फोनवर तो वाचला गेल्याची निळी खूण दिसली. उत्तर आलं नाही. घरी कुकर लावला, फोन ओट्यावर ठेवला. काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला.

“कालचा सगळ्यास्नी गेला आसंल. म्हून म्या काय बोललो न्हाई. आज माझा ह्यो एकटीलाच हाय. तू कशी हायस? जेवलीस का?”

मग पंखा.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी बटण दाबलं. घेवडा भिजत घातलाय, एवढं सांगितलं. बरं, ठेवते, म्हणाले. अंगठा मात्र लगेच उचलला नाही.