हॅम्बुर्गहून आलेला फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रूममेटना अर्धं माहीत आहे, आणि ते अर्धं ते हसून विसरलेत. उरलेलं अर्धं माझ्याकडेच आहे. तुला सांगतो. मध्येच हसू येईल कदाचित — मी बोलायला लागलो की लोकांना येतंच. तीच तर माझी बोंब आहे.

मी नकला करतो. बार्शीच्या शाळेत हेडसरांच्या आवाजात ‘आज अर्धी शाळा!’ असं ओरडलो होतो, दोन वर्ग रिकामे झाले. मार बसला, पण नाव झालं. सिंगापूरला चांगी बिझनेस पार्कात नोकरीला लागलो तेव्हाही लोकांनी मला ओळखलं ते ह्याच्यावरूनच. मॅनेजर, घरमालकीण, MRT मेट्रोमधली अनाउन्समेंटवाली — सगळे येतात मला. फक्त एक नियम होता. गंमत झाली की लगेच सांगायचं, अरे, मीच होतो! तो मी एकदाच मोडला.

सिंगापूरच्याच चोआ चू कांग भागात सबनीस काका राहायचे. मालवाहू बोटींवर चीफ इंजिनिअर होते, आता रिटायर. काकू गेलेल्या, मुलगा कॅनडात. गणपतीत ओळख झाली आणि मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायला लागलो. त्यांनी जुन्या बाजारातून एक अल्बम आणला होता, बरोबर दोन पदकं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या जर्मन आरमारातल्या एका डॉक्टरचं सामान. कोलंबोचा धक्का, सिंगापूरच्या नदीतल्या होड्या, हातरिक्षावाले, डेकवर पांढऱ्या कपड्यात ताठ उभा तो स्वतः. शेवटच्या पानावर एक बाई, मांडीवर बाळ. काकांनी धुराड्यांवरून आणि खलाशांच्या टोप्यांवरच्या अक्षरांवरून त्याची बोट कुठली ते शोधून काढलं. मी फोटो स्कॅन करायचो, जर्मन लोकांच्या फोरमवर टाकायचो, खाली काकांचा नंबर. ह्या डॉक्टरचं कुणी आहे का?

‘बार्शीकर,’ ते म्हणायचे, ‘बोटीवर माणूस गेला की त्याची बॅग आम्ही भरतो. फाटकी बनियनसुद्धा टाकायची नाही. सगळं घरी जातं. ह्या डॉक्टरचं मात्र वाटेतच राहिलंय बघ.’

त्यांनी स्वतः एका फिटरची बॅग भरली होती. ते सांगताना ते खिडकीकडे बघायचे. म्हणजे मला सगळं माहीत होतं. ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोयच नाही.

एका शनिवारी वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटवर सगळे टाइमपास करत बसलो होतो. ऑफिसात एक जर्मन क्लायंट होता, त्याचा आवाज मी नुकताच बसवलेला. रूममेट मन्या म्हणाला, ‘लाव ना यार फोन तुझ्या काकांना!’ आणि मी लावला. इंटरनेटवरून, नंबर दिसणार नाही असा. स्पीकरवर.

‘मिस्टर सबनीस? आय ॲम कॉलिंग फ्रॉम हॅम्बुर्ग. द डॉक्टर वॉज माय ग्रेट-ग्रँडफादर.’

मन्या उशीत तोंड खुपसून हसत होता. मी मनात आकडे मोजत होतो — अजून दहा सेकंद, मग सांगू. पलीकडून काका म्हणाले, ‘वन मिनिट, सर.’ टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. परत आले ते घसा साफ करत. ‘सर, हिज थिंग्ज आर सेफ. एव्हरीथिंग इज सेफ.’

उशीतलं हसू थांबलं. तेव्हा सांगायचं होतं ना? तोंड उघडलं — आणि बाहेर आला जर्मनच. ‘आय विल कॉल अगेन.’

दोन मिनिटांत काकांचा मला फोन. ‘अरे सापडले! पणतू सापडला!’ तेव्हा तरी? नाही. मी म्हटलं, ‘काय सांगता काका!’ ते मात्र मी अगदी झकास केलं.

पुढच्या रविवारी गेलो तर टेबलावर खोका तयार. औषधाच्या बाटल्यांतल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यांनी जमवून पानापानात ठेवल्या होत्या, पदकं मलमलच्या कापडात. पत्त्याची जागा कोरी.

मग मी काय केलं? घरी परतून आमच्या बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत एकटाच गेलो, पुन्हा जर्मन झालो, आणि काकांना फोनवर सांगितलं की काही पाठवू नका. कुटुंबाला नको आहे. काकांनी विचारलं, ‘बट व्हाय, सर?’ ह्याचं उत्तर मी ठरवलंच नव्हतं. सुचलं ते बोललो — तो चांगला माणूस नव्हता. बायको-मुलाला टाकून गेला. आम्ही त्याचं नाव घेत नाही.

ज्याच्याबद्दल मला काहीही माहीत नाही, अशा मेलेल्या माणसाबद्दल मी हे बोललो. का, तर मला सुटायचं होतं.

काकांनी शोध सोडला. फोरमवरचं सगळं काढायला सांगितलं, ते मीच काढलं. नंतर खरंच कुणी विचारत आलं असेल का? आता कळायला मार्ग नाही, तो मीच बंद केला. बाई आणि बाळाचा फोटो त्यांनी मोठा करून हॉलमध्ये लावला होता, तो उतरवला. ‘बरं झालं कळलं,’ म्हणाले. ‘मी उगाच त्याच्यासाठी जीव टाकत होतो.’

गेल्या महिन्यात काका कायमचे नाशिकला गेले. निरोपाला आम्ही दहा-बाराजण जमलो होतो. जेवणानंतर कुणीतरी त्या जर्मनाचा विषय काढला, तर काकाच उभे राहिले आणि त्याची नक्कल करायला लागले. ‘डोन्ट सेंड, मिस्टर सबनीस!’ फार वाईट जमली. सगळे हसले, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ‘ए, तू कर ना! तू कर!’

मी केली.

काकांनी टाळी वाजवली. ‘अगदी तस्सा! बघा, नुसतं माझ्याकडून ऐकून ह्याने कसा उचलला!’ त्यांच्या डोळ्यांत माझं कौतुक होतं, दुसरं काही नव्हतं. मी वाकून सलाम केला. मग त्यांच्या बॅगा उचलल्या आणि खाली टॅक्सीत ठेवल्या.