मायेत उभे बाबा

पालेगावचं आमचं शेत बिल्डरला द्यायचं ठरलं, तेव्हा बाबा म्हणाले, "सगळ्या शेताचा एकच फोटो काढ. आंब्यापासून विहिरीपर्यंत." एका फोटोत शेत मावतंय होय! मग मी एका जागी उभा राहून, मोबाईल थोडाथोडा फिरवत चार तुकड्यांत काढलं. तर बाबा फोटोबरोबर चालायलाच लागले. दर वेळी पुढे जाऊन कडेला उभे, हात लांब करून सांगतायत, "ही आपली हद्द." मी ओरडलो, "अहो बाबा, थांबा की एका जागी!" ऐकतील तर शपथ.

आता तिथे टॉवर आहे आणि त्यात तिसऱ्या मजल्यावर आम्ही. चावी मिळायच्या आधीच बाबा गेले. आईला हॉलच्या भिंतीवर अख्खं शेत हवंय, बाबांसकट.

परवा जोडायला बसलो. जोडण्याआधीचीच कटकट फार. एकात ऊन, दुसऱ्यात ढग, उजेड सारखा करा. बांध तिरका आलाय, तो सरळ करा. आई शेजारी बसून बघत होती. मी म्हटलं, "एका फोटोची कड दुसऱ्यातही यायला लागते, नायतर कम्प्युटरला जोड सापडत नाही."

"म्हंजे माया सोडायची," आई म्हणाली. जन्मभर गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवलेत तिने. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, ती माया. शब्द रोजचाच, पण मला बोचला. बाबा नेमके त्या मायेतच उभे होते.

जोडलं, तर बाबा आरपार. एका फोटोत ते आहेत, पुढच्यात त्याच जागी नुसतं गवत. कम्प्युटरने दोन्ही एकावर एक ठेवलं. सदऱ्यातून गवत दिसत होतं. फोटोवाले ह्याला भूत म्हणतात. आईला मी ते सांगितलं नाही.

हाताने एकेक बाबा नीट करत गेलो, तर एका शेतात चार बाबा. "चारही राहू देऊ?" मी विचारलं.

"एक होते ते राहिले नाय, चार ठेवून काय करू?" ती स्क्रीनला नाक लावून बघत राहिली. एका फोटोत ते थांबायच्या आधीच मी बटण दाबलं होतं; ते विहिरीकडे चाललेले, पाठमोरे बाबा तिने निवडले.

"अगं, तोंड कुठे दिसतंय ह्यात?" मी वैतागलो.

"तोंड हाराच्या फोटोत रोज बघते. ह्यात ते आपले कामाला चाललेत." ती उठली. "बाकीचे पुस. पण मी आत गेल्यावर पुस."

ती आत गेली, नळ सोडल्याचा आवाज आला. मी माऊसने शेजारचं गवत उचललं आणि पहिल्या बाबांवर घातलं. अग्नी एकदाच द्यावा लागला होता. इथे तीनदा पुसायचं होतं.