मोठ्या अक्षरांतली वंशावळ

समजा, एका घराण्याची वंशावळ तुम्हाला तळहाताएवढ्या पडद्यावर बसवायची आहे. मुलाचं नाव बापाच्या खाली, जरा आत सरकवून. तुम्ही स्पेसचं बटण दाबत सुटाल. नारीन शहरातल्या आमच्या छोट्या प्रकाशनात ई-पुस्तकं बनवणाऱ्या बेगायिमनेही तेच केलं. खरं तर विकत घेतलेलं ई-पुस्तकसुद्धा ती आधी आतून उघडून बघते, त्याची रचना कशी केलीय ते, मग वाचते. पण त्या दिवशी घाई होती.

ज्यांच्या घराण्याची ती वंशावळ, त्या सापाराली आजोबांना कमी दिसतं. त्यांनी ई-रीडरवर अक्षरं मोठी केली, ओळी मोडल्या, नावं घसरली. नात तान्सुलूच्या होणाऱ्या नवऱ्याचा पूर्वज थेट आजोबांच्या चुलत्याखाली जाऊन बसला. सात पिढ्यांत दोघांचा पूर्वज एक निघाला तर आमच्यात लग्न होत नाही. आजोबा नातीला घेऊन तडक आले.

"पोरी, लग्नात द्यायच्या मेंढ्याही ठरल्यात, आणि तुझं यंत्र म्हणतं ही दोघं भाऊबहीण."

"यंत्राचं काही नाही, आजोबा, चूक माझी. चहा घ्या."

"चहा प्यायल्यानं नातं तुटतं का?"

बेगायिमने सगळ्या स्पेस पुसल्या. वाटीत वाटी ठेवावी तसा फाइलमध्ये प्रत्येक मुलगा बापाच्या आत ठेवला. मग अक्षरं जमेल तेवढी मोठी करून बघितली. एकही नाव हललं नाही. तान्सुलू बोटांवर मोजायला लागली. सामाईक पूर्वज तिच्याकडून आठवा निघाला, नवऱ्या मुलाकडून सातवा, म्हणजे सात पिढ्यांच्या आतच. तिचा चेहरा उतरला.

आजोबा पडद्याजवळ वाकले. "हा ईसाबेक, मुलाचा पणजोबा. पहिलं नातवंड म्हणून त्याच्या आजोबानं त्याला मागून घेतला, म्हणून इथं तो आजोबाचाच मुलगा लागलाय. जन्म देणारा बाप मधून गळला."

"मग त्याला मधे घाला. आठ होतील," तान्सुलू म्हणाली.

"आणि ज्यानं वाढवला त्या म्हाताऱ्याकडून मुलगा काढून घेऊ? तू सांगशील त्याला?"

बेगायिमचा हात माउसवर तसाच होता. ईसाबेकला एका वेळी एकाच्याच आत ठेवता येत होतं.

"आजोबा," तिने विचारलं, "सात पिढ्या मोजताना बाप कोणता धरायचा?"