उपाशी पोटी दही-साखर

दोन शनिवारांपूर्वी अंधेरीच्या एका लॅबमध्ये मी गुन्हा कबूल केला... सकाळी घरातून निघताना मी दही-साखर खाल्ली होती. समोरच्या डॉक्टर बाई सुई हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या.

मागचं थोडं सांगतो. सहा महिन्यांपूर्वी ऑफिसच्या चेकअपमध्ये मला प्रीडायबेटिस निघाला. म्हणजे डायबेटिस अजून आत आलेला नाही, पण दारात चपला काढतोय.

आमच्या विक्रोळीच्या घरात त्याच संध्याकाळी निकाल लागला. आई पक्की मालवणी, बायको हेतल घाटकोपरची गुजराती. आईने हेतलला सरळ सांगून टाकलं, "तुझ्या गोड डाळीनच माझ्या झिलाक साखर लागली."

हेतल भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून डाळीत गूळ पडायचा बंद झाला... स्वतःपुरतीसुद्धा तिने ती डाळ केली नाही. मला फार वाईट वाटायचं, पण आईपुढे बोलायला माझ्याकडे काही पुरावा नव्हता.

म्हणून अंधेरीच्या त्या लॅबला डायबेटिसवरच्या एका अभ्यासासाठी माणसं हवीत असं कळल्यावर मी नाव दिलं. बारा तास उपाशी राहायचं, मग एक गोड पेय प्यायचं आणि दर अर्ध्या तासाने रक्त द्यायचं. खाल्ल्यावर आतड्यातून काही हार्मोन सुटतात, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतात म्हणे. वेगवेगळ्या वंशांच्या लोकांत हे हार्मोन किती असतात, ते बघायचं होतं. आतड्याला एवढी बोलायची सवय असते हे मला सेहेचाळीसाव्या वर्षी कळलं.

मला वाटलं, चला, डाळीचा सोक्षमोक्ष लागेल.

आणि त्याच सकाळी आईने महत्त्वाचं काम आहे म्हणून हातावर दही-साखर ठेवली... दहावीपासून प्रत्येक परीक्षेला ठेवते तशी. मीही सवयीने चाटून मोकळा. आपण काही खाल्लंय हे डोक्यातच आलं नाही, डॉक्टर बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आठवलं. पुढच्या शनिवारी या, म्हणाल्या.

घरी आलो तर आई म्हणते, "दोन बोटां दही ता... ता काय खाणा झाला?" मी हेतलकडे बघितलं. सहा महिन्यांचा हिशोब चुकता करायची याहून चांगली संधी तिला मिळाली नसती. ती फक्त म्हणाली, "असू दे रे, आईंनी चांगल्यासाठीच दिली ना." आई दह्याचं भांडं उचलून आत ठेवायला गेली.

परवा पुन्हा गेलो. या वेळी आईने दह्याचं भांडं बाहेर काढलं नाही, नुसता डोक्यावर हात ठेवला.

सगळं रक्त देऊन झाल्यावर मी बाईंना थेट विचारलं, डाळीमुळे झालं का? त्या हसल्या. एका डाळीवर असं कुणी सांगू शकत नाही, हार्मोन कुणात कमी-जास्त का होतात हेच तर शोधतोय... आणि एकट्या माणसाच्या आकड्यावरून तर काहीच कळणार नाही. झालं! उत्तर आणायला गेलो आणि डोक्यात नवा गुंता घेऊन आलो.

तिथे भरायला दिलेल्या फॉर्मने तर आणखीच गोंधळ घातला. वंशाच्या रकान्यात मालवणी नव्हतं, गुजराती नव्हतं. सगळ्यांना मिळून एकच चौकोन... दक्षिण आशियाई.

घरी आल्यावर सांगण्यासारखं तेवढंच होतं, म्हणून आईला तेच सांगितलं. तिला काही पटेना. "हेतल नि आमी एकच?" असं तिने दोनदा विचारलं. मग बराच वेळ लसूण सोलत बसली.

मधेच, कुणाकडेही न बघता म्हणाली, "तुझ्या बापाशीन ती डाळ कधी तोंडाक लावूक नाय. तरी तेंका साखर होतीच."

बाबा गेले तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. ही गोष्ट आम्हा तिघांनाही माहीत होती... आणि सहा महिन्यांत एकालाही आठवली नाही. मलासुद्धा. मी पुरावा शोधत अंधेरीपर्यंत गेलो, आणि तो घरात भिंतीवर हार घालून टांगलेला होता. याची मला अजून लाज वाटतेय.

आईने सोललेला लसूण हेतलपुढे सरकवला. "आज तुझी ती डाळ कर गो. गूळ वायच घाल."

माझ्या आतड्यात नेमकं काय चाललंय ते अजून कुणालाच कळलेलं नाही, मला तर नाहीच नाही. त्या रात्री मी ती डाळ अर्धीच वाटी घेतली. आईने मात्र दोनदा मागून घेतली, आणि दुसऱ्यांदा वाढताना हेतलचे डोळे भरून आले होते.